एकाची एकवीस झालेली गाडी

कसालच्या बाजारात, भर दुपारी, मी एका गाडीशी भांडत होते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात चावी. बटण दाबतेय, दार ओढतेय, पुन्हा बटण दाबतेय, पण दार काही उघडेना. "मेल्या, उघड मगे!" म्हणून मी दाराला एक चापटही मारली. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे काहीतरी कुई करून वाजलं. मी वळून पाहिलं तर नारळवाल्याच्या सावलीत माझी गाडी दिवे मिचकावत उभी. मग ही कोणाची? तोच निळा रंग, तीच दोन दारं, तेच जमिनीला टेकलेलं पोट. एक तरुण माणूस हातात चहाचा ग्लास घेऊन आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काकी, ती माझी आसा."

मी त्याची माफी मागितली नाही. उलट त्यालाच विचारलं, "कधी घेतलंस?" जणू माझ्या परसातला फणस त्याने काढला होता.

हे एवढं मनाला का लागलं ते सांगते. माझा काजूगराचा लहानसा कारखाना आहे, मालवणहून कसालला येताना रस्त्याला लागूनच. लग्न झालं तेव्हा मी या गावात अमक्यांची सून म्हणून आले. पुढे तमक्याची बायल झाले. नवरा अचानक गेला आणि मग गावाने मला एकच नाव ठेवलं, बिचारी. कारखाना मी चालवते, बायकांचे पगार मी करते, व्यापाऱ्यांशी मी भांडते, तरी बाजारात ओळख करून देताना लोक म्हणणार, "ही त्या अमक्याची. गेलो तो. बिचारी." नवऱ्याची जुनी चारचाकी माझ्याकडे होती. तिच्या मागच्या सीटवर कायम कोणीतरी असायचंच. कोणाला दवाखान्यात सोडा, कोणाला स्टेशनवर घ्या, आणि वर मागून सूचना, "वैनी, हळू. वैनी, पुढे खड्डो आसा."

मग एका कंपनीने ती गाडी काढली. दोन दारांची, धावायला हरणासारखी, आणि किंमत घरगुती गाडीएवढी. अशी गाडी म्हणजे श्रीमंतांचं काम अशीच आपली समजूत. मी तिचं चित्र पाहिलं आणि ठरवलं. मागे सीट आहे म्हणतात, पण तिथे दोन नारळ आणि एक फणस यापलीकडे काही मावत नाही. मला नेमकं तेच हवं होतं!

मुंबईला असलेल्या माझ्या धाकट्या दिराला फोनवर सांगितलं, तर तो हसून हसून खोकायला लागला. "वैनी, दोनच दारां? मागल्या माणसान खिडकीतसून चढाचा काय?" मी म्हटलं, "मागला माणूसच नको माका." तर म्हणाला, "वयाचा तरी काय तां बघा." मी फोन ठेवून दिला.

जिल्ह्यात ती गाडी पहिली आली ती माझ्याकडे. आमच्याकडे नवीन गाडी आधी देवळात नेतात, घरी नंतर. गुरव देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे आपलं मागणं, घालतो आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आता नारळ कोणी ठेवायचा यावरून तिथे कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, घरचा पुरुष हवा, दिराला येऊ दे चतुर्थीला. मी काही बोलायच्या आत म्हातारा गुरवच म्हणाला, "गाडी चालवतली कोण?"

"मी."

"मगे नारळ तुमीच ठेवा."

मी पदर खोचला आणि नारळ ठेवला. गुरवाने डोळे मिटून सुरू केलं, "बा देवा रवळनाथा, आज ह्या तुझ्या लेकरान नवी गाडी घेवन तुझ्या पायाकडे आणल्यान हा. वाटेक, घाटार तिची राखण कर. आणि एकाची एकवीस कर, पाचाची पंचवीस कर म्हाराजा!" सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

त्यानंतरचं वर्ष माझं. मालवणच्या बंदरावर गाडी लावली की पोरं फोटो काढत. सावंतवाडीत तळ्याकाठी एका अनोळखी बाईंनी काच खाली करायला लावून विचारलं, "ही तुम्ही स्वतः चालवता?" गतिरोधकावर पोट घासलं की दुकानातून माणसं ओरडत, "वैनी, तिरकी घेवा, तिरकी!" पण ते ओरडणंही मला गोड वाटे. आणि एक दिवस कुडाळात एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला माझी ओळख करून दिली, "ही ती निळ्या गाडयेची." अमक्याची नाही, बिचारी नाही. मी घरी येईपर्यंत गाडीत एकटीच हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी ओळख माझ्या स्वतःच्या वस्तूवरून होत होती. ती मला कोणालाही द्यायची नव्हती, तुम्ही हावरट म्हणा हवं तर.

आणि म्हणून कसालच्या बाजारातलं ते दार माझ्या काळजाला लागलं. पुढे तर नुसता सपाटा! कणकवलीत एक लाल दिसली. वेंगुर्ल्याच्या वाटेवर एक पांढरी. बांद्याच्या एका औषध दुकानदाराने घेतली, सावंतवाडीच्या एका डॉक्टरने घेतली. ओरोसला सरकारी कचेरीसमोर एका दिवशी दोन उभ्या. रात्रीत कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा या गाड्या उगवत होत्या.

जिल्ह्यातल्या गाडीवेड्यांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी कसालला चहा घ्यायचा आणि तिथून आंबोलीपर्यंत जाऊन यायचं. त्यात बाई मी एकटीच. एका रविवारी चहावर हाच विषय निघाला. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मी विकून टाकणार आहे. पूर्वी लोक वळून बघायचे. आता रिक्षावालापण हॉर्न मारून पुढे जातो. कॉमन झाली की त्या गाडीत राहिलं काय?"

मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "अगदी बरोबर! कंपनीने गावागणिक एकच द्यायला हवी होती."

बांद्याचे दुकानदार ग्लास फुंकत म्हणाले, "म्हणजे लोकांनी वळान बघूक घेतल्यात गाडी? चालवूक नाय? जितक्यो जास्त गाडयो, तितके पार्ट स्वस्त. माझो गेल्या म्हयन्यात आरसो फुटलो, दोन दिवसांत मिळालो. पयल्या वर्षी तुमचो फुटलो तेव्हा तुमी किती थांबलात, सांगा बघू!"

सगळे हसले. आरशासाठी मी पावसाळाभर थांबले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालवायचीच तर टेम्पो घ्या ना!" म्हणून मी उठले आणि त्या दिवशी आंबोलीला गेलेच नाही.

घरी परत येताना मधेच माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. एकाची एकवीस कर! अगो बाई, मीच ओरडले होते की, व्हय म्हाराजा म्हणून! देवाने ऐकलं. मला काय हवंय ते न विचारता सरळ आकडा धरून कामाला लागला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी तशीच देवळात गेले. गुरव नारळाच्या शेंड्या काढत बसला होता. मी म्हटलं, "ता गाऱ्हाणां परत घेवा."

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याने हातातला नारळ खाली ठेवला. "वैनी, देवाक घातलेलां गाऱ्हाणां काय बाजारातलो माल आसा, बदलून घेवक?" मग जरा विचार करून म्हणाला, "चुकी माझी झाली, ती खरी. एकाची एकवीस, पण 'हिच्याच खळ्यात' असां म्हणाक व्हया होतां. तां रवलां. गायी-म्हशींचा गाऱ्हाणां घालतंय तेव्हा म्हणतंय. गाडयेच्या वेळाक इसारलंय." त्याच्या चेहऱ्यावर गमतीचा लवलेश नव्हता. मी हसावं की रडावं?

चतुर्थी आली. आदल्या दिवशी मी आतल्या खोलीत माटवी बांधत होते. गणपतीवर टांगायची ती लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घड, कवंडाळाची रानफळं, आंब्याचे टाळे. हात वर, तोंडात सुतळी. आणि बाहेर पाणंदीतून आवाज आला. त्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखते. मला वाटलं, कोणीतरी माझी गाडी नेतंय! तोंडातली सुतळी थुंकून मी धावत बाहेर आले. माझी गाडी घरापुढच्या खळ्यात तुळशीच्या बाजूला जागच्या जागी उभी होती. आणि तिच्या शेजारी, अगदी खेटून, दुसरी निळी येऊन थांबली.

दार उघडलं. आधी एक पाय आला, मग बराच वेळ काही नाही, मग पोट, आणि मग माझे धाकटे दीर, भावोजी. डाव्या दारातून धाकटी जाऊ उतरली, हातात देवाच्या सामानाची पिशवी. मी पायरीवर तशीच खिळून उभी. ज्या माणसाने मला खिडकीतून चढायचं म्हणून हसून घेतलं, त्याने तीच गाडी घेतली? आणि रंगही तोच?

"काय वैनी, कशी आसा?" भावोजी कमरेवर हात ठेवून वाकडे होत म्हणाले.

"वयाचा काय तां बघल्यात नाय तुमी," एवढंच माझ्या तोंडून निघालं. ते ओशाळं हसले आणि पडवीत जाऊन आडवे झाले. जावेने मला वाकून नमस्कार केला, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला की नाही हेही मला आठवत नाही.

गणपती बसले आणि घरात माणसांची रीघ लागली. जो तो खळ्यात थबकणार, दोन गाड्या बघणार आणि आत येऊन भावोजींची पाठ थोपटणार. "वा रे वा! मुंबैकराची ऐट!" आणि मग माझ्याकडे बघून, "दोन दोन घेतल्यान काय रे? एक वैनीक?" भावोजी दात काढत. मी मोदकांच्या पातेल्यावर झाकण आपटत असे. वर्षभर जी गाडी मी याच खळ्यातून या सगळ्यांच्या नाकासमोरून नेली, ती तीन दिवसांत दिराची झाली होती.

गौरीच्या दिवशी आमच्याकडे सवाष्णींचा ओवसा, गौरीपुढे सुपं ओवाळायचा विधी, असतो. त्या दिवशी घरात मला काही काम नसतं, म्हणजे ठेवलेलं नाही. म्हणून बाजाराला मी गेले. कसालला ज्याच्याकडून मी इतकी वर्षं किराणा घेते, तो दुकानदार बाहेर येऊन गाडीकडे कौतुकाने बघत म्हणाला, "काय वैनी, दिराची गाडी घेवन इलात? बरो दीर आसा हां तुमचो. आजकाल भाव भावाक देना नाय."

मी म्हटलं, "माझी आसा ती. माझी!"

"व्हय व्हय," तो समजुतीने म्हणाला, "घरातली म्हणजे तुमचीच."

त्याने पिशव्या मागच्या सीटवर ठेवल्या, वर दोन केळी जास्त दिली. बिचारीला देतात तशी. गाडी चालवताना मला पुढचा रस्ता दिसत नव्हता. घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, आज सोक्षमोक्ष. सण गेला खड्ड्यात.

पडवीत भावोजी घोरत होते. त्यांना उठवण्यापेक्षा मी सरळ मागच्या दारी गेले. जाऊ पायरीवर बसून हळदीची पानं पुसत होती. नवी साडी, केसात गजरा, चेहरा दमलेला. मी पिशव्या आदळल्या आणि सुरू झाले. "तुझ्या घोवाक सांग, माझी बरोबरी करूची होती तर जरा रंग तरी बदलूचो होतो! वर्षभर माका हसलो आणि आता माझीच गाडी घेवन गावात मिरवता? लोक माका विचारतत, दिरान दिल्यान काय म्हणान! माझ्या कष्टाची वस्तू, आणि तेचां नाव?"

ती पानं पुसायची थांबली. वर न बघता म्हणाली, "वैनी, ती गाडी तेंची नाय."

"मगे कोणाची? बँकेची?"

"माझी."

मी पिशवीतलं केळं उचलत होते, ते हातातच राहिलं. ती पुढे बोलत होती, हळू आवाजात, मला ऐकू यावं म्हणून नव्हे तर स्वतःशीच बोलावं तसं. तिची मुंबईच्या इस्पितळातली परिचारिकेची नोकरी. मे महिन्यात निवृत्त झाली. हातात जे आलं त्यातून घेतली. "गेल्या चतुर्थीक तुमी एकट्याच गाडी काढून मालवणाक गेल्यात. कोणाक सांगूक नाय, इचारूक नाय. मी हयसरच बसान मोदकाचां पीठ मळी होतंय. तेव्हाच मनात घेतलंय. रंग तोच घेतलंय, माका तोच बरो दिसलो."

माझे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. तीन दिवस ही बाई माझ्या घरात जेवण रांधत होती, माझ्या शेजारी झोपत होती. "आणि भावोजी? ते सगळ्यांका आपली म्हणान सांगतत तां?"

"तेंनी कोणाक आपली म्हणान सांगूक नाय."

"पण तू तरी बोलाचां होतां मगे! सगळो गाव तेंची पाठ थोपटता आणि तू पानां पुसत बसतंस?"

तिने आता वर पाहिलं. रागाने नाही. "कोणी इचारूक नाय माका. तुमी तरी खंय इचारल्यात?"

गाडी खळ्यात आली तेव्हा मी डाव्या दाराकडे बघितलंसुद्धा नव्हतं. दुकानदाराने माझ्या तोंडावर जे केलं होतं, तेच मी हिच्या बाबतीत तीन दिवस करत होते, आणि वर पातेल्याशी चिडत होते. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिच्या पुढ्यातलं एक पान उचलून पुसलं. मग मी विचारलं, "चालवतंस?"

"लायसन काढलंय. सपाटीक चालवतंय. घाटात तेंका दिलंय. हयसर खळ्यात मागे घेवक भिया वाटता, तुळस आसा, तुमची गाडी आसा. तेंका सांगलंय तर ते आराडतत."

"चावी खंय?"

तिने साडीच्या निऱ्यांजवळ कमरेला खोचलेली चावी काढली. भावोजींना लागली की ते हिच्याकडे मागत असणार, आणि देऊन झाल्यावर ती पुन्हा तिथेच खोचली जात असणार. मी ती एकदाही पाहिली नव्हती.

"चल," मी म्हटलं.

"आता? ओवसो आसा, बायका येतले..."

"येंवदेत. बसतीत."

ती उजवीकडे बसली, नवी साडी गुडघ्यात दाबून. मी डावीकडे बसले. तसल्या गाडीत डावीकडे मी कधी बसलेच नव्हते. तिथे पाय लांब करायला किती जागा असते हेही मला माहीत नव्हतं. तिने गाडी सुरू केली, मागे बघितलं, एक वीत मागे घेतली आणि करकचून थांबवली. मी माझ्या बाजूच्या आरशात तुळस बघत म्हटलं, "घे. अजून घे. मी आसंय."

आवाजाने पडवीत भावोजी जागे झाले. डोळे चोळत खळ्याकडे बघत ओरडले, "वैनी, तुमची काढतात की आमची? जरा सांभाळून चालवा हां!" मी काच खाली करून हात बाहेर काढला आणि त्यांना दाखवला. मी कुठल्या बाजूला बसलेय ते बघून ते उठून उभे राहिले. जावेने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती मागे बघत होती.